बंदरे, मोसम आणि मुअल्लिम

कोकणचा किनारा म्हटले की आता लोकांच्या डोळ्यांपुढे काय येते? वाळू, नारळीची रांग, सुरमईचे ताट आणि पाण्यावर उडणारी रंगीत छत्री. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काशीद-मुरूडच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. यात वाईट काही नाही. खानावळवाल्याला, टांगेवाल्याला, घरात दोन खोल्या वाढवून पाहुणे ठेवणाऱ्या बाईला चार पैसे मिळतात. पण ज्या वाळूत आज पर्यटकांना उंटावर बसवून फिरवतात, त्या गावांची नावे हजार वर्षांपूर्वी बसऱ्याच्या आणि सिराफच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ होती, हे त्या पाहुण्याला कोणी सांगत नाही. आणि खरे सांगायचे तर गावकऱ्यांनाही ते फारसे ठाऊक नसते.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी चार-पाच माणसे. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत एसटीने या बंदरांकडे जायचे, असा आमचा काही वर्षांचा परिपाठ आहे. त्याचे कारण वर्गात आहे. आमच्या वर्गात समुद्र एकदम वास्को-द-गामाबरोबर १४९८ साली अवतरतो. त्याआधी या समुद्रात जणू पाणीच नव्हते! आणि मुले तर विचारतात. एखादा मुलगा ताठ मानेने विचारतो, "सर, आपले खानदान अरबस्तानातून आले ना?" दुसरा कुठे तरी बाजारात, एसटीत काहीबाही ऐकून आलेला असतो, तो खाली मान घालून विचारतो, "सर, आपण बाहेरचे आहोत का?" एक प्रश्न अभिमानाचा, दुसरा अपमानाचा, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. दोघांनीही हे धरून चालले आहे की आपण इथले नाही. घरी कोकणी बोलणारी, शाळेत उर्दू लिहिणारी आणि बाजारात मराठीत घासाघीस करणारी ही मुले. त्यांना उत्तर द्यायचे तर तवारीख नीट पाहायला हवी, आणि ती किनाऱ्यावर उभे राहूनच पाहायला हवी, असे आम्हांला वाटले.

सुरुवात उत्तरेकडून करू. पालघर जिल्ह्यातले चिंचणी हे गाव सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्यांना माहीत आहे. सुरूची झाडे, ओहोटीला लांबवर उघडी पडणारी वाळू. या गावात गेल्या शतकात काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राज्य राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राचे. भाषा संस्कृत. त्यात संजान मंडळाच्या अधिपतीचे नाव येते, मधुमती. हा ताजिक होता, असे लेख सांगतो. ताजिक म्हणजे अरब. (पंचांगवाल्यांच्या ज्योतिषात 'ताजिक' नावाची एक शाखा आहे, ती हीच, अरबी-फारसीतून आलेली.) मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. बापाचे नाव सहियारहार, म्हणजे बहुधा शहरयार. या मुहम्मदाला दुसरे एक बिरुदासारखे नावही आहे, सुगतिप. राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने त्याला या किनाऱ्याचा कारभार दिला होता.

आता त्याने केले काय, ते पाहा. दोन ओढ्यांवर लोकांना फुकट पार करणारी तर बसवली. एक अन्नछत्र घातले. त्यात भात, कालवण आणि तूप मोफत मिळत असे. आणि एका ब्राह्मणाने भगवती देवीची मठिका बांधली, तिच्या खर्चासाठी आणि नैवेद्यासाठी जमीन द्यायची होती, त्या दानाला या मुहम्मदाने राजाच्या संमतीने मान्यता दिली. सगळे मिळून हा एवढा एक कारभारी लेख. त्यात 'सर्वधर्मसमभाव' असा शब्द कुठे नाही. कोणी कोणाची पाठ थोपटलेली नाही. राजाला बंदराचा महसूल हवा होता, बंदराला अरबांची जहाजे हवी होती, आणि जहाजांची भाषा, हिशेब, भांडणे समजणारा माणूस कारभारावर हवा होता. तो माणूस इथे राहिला, तर इथल्यासारखा राहिला. आम्ही चिंचणीच्या वाळूवर उभे राहून हे मुलांना सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, त्या अन्नछत्रात मासे मिळायचे का?" ताम्रपटात मासे नाहीत. पण प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणारा होता.

अशीच एक गोष्ट थेट दक्षिणेची, गोव्याची. अकराव्या शतकातला कदंब राजा पहिला जयकेशी याच्या ताम्रपटात एका अरब घराण्याच्या वंशजाचा उल्लेख येतो. त्याच्या पूर्वजाने समुद्रात संकटात सापडलेल्या कदंब राजाला मदत केली होती. राजा सोमनाथाच्या यात्रेला निघाला होता आणि वाटेत जहाजाची डोलकाठी मोडली. वंशजाने मशीद बांधली, तिच्या खर्चाला राजाने बंदरावरच्या जकातीचा वाटा लावून दिला. लेखात मशिदीला शब्द आहे 'मिजिगिती'. आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्या बायका मशिदीला ज्या लाडक्या मोडतोडीने हाक मारतात, त्या कानाला हा शब्द परका वाटत नाही.

पण केवळ गोड गोष्टी सांगणे म्हणजे इतिहास नव्हे. बलाज़ुरी या नवव्या शतकातल्या अरब इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की हिजरी १५ मध्ये, म्हणजे ६३६ च्या सुमारास, बहरैन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवले. खलिफा हजरत उमर यांना ते कळले तेव्हा त्यांनी त्याला कडक शब्दांत खडसावले. म्हणजे पहिल्या हकिकतीतच स्वारीही आहे आणि स्वारीबद्दलची नाराजीही. मुलांना आम्ही दोन्ही सांगतो. अर्धे सांगितले तर उरलेले अर्धे त्यांना दुसरे कोणी तरी सांगणार, आणि ते वेगळ्या सुरात सांगणार.

आता चौल. आमच्या सगळ्या भटकंतीत आम्ही सर्वांत जास्त वेळा गेलो ते चौल-रेवदंड्याला. अलिबागहून एसटीने निघाले की नागाव मागे पडते, मग दोन्ही बाजूंना नारळी-सुपारीच्या वाड्या लागतात आणि रस्ता सावलीत शिरतो. चौल कुठे सुरू झाले ते कळतच नाही. ग्रीक-रोमन दर्यावर्दी याला सेमुल्ला किंवा सिमुल्ला म्हणत, अरब म्हणत सैमूर. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ साली, बगदादचा मसूदी इथे आला. 'मुरूज-उज़-ज़हब' या त्याच्या ग्रंथात त्याने जे पाहिले ते लिहिले आहे. किनाऱ्यावर शिलाहार राजा झंझ, त्याच्या वर राष्ट्रकूट सम्राट. अरब त्याला 'बल्हरा' म्हणत, म्हणजे वल्लभराज. सैमूरमध्ये तेव्हा सुमारे दहा हजार मुसलमान राहत, असे मसूदी सांगतो. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. आणि त्यांच्या जोडीला 'बयासिरा'.

या एका शब्दावर आम्ही वर्गात अख्खा तास घालवतो. बयासिरा म्हणजे कोण? मसूदी स्वतःच खुलासा करतो: मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदच्या भूमीत जन्मलेले. म्हणजे ९१६ साली, अकराशे वर्षांपूर्वी, चौलमध्ये मुसलमानांची इथेच जन्मलेली पिढी होती, इतकी की तिला वेगळे नाव पडले होते. बाहेरचे आणि इथले हा भेद त्या वेळी होता. पण तो हिंदू-मुसलमान असा नव्हता, मुसलमानांतच होता! कोण गलबतातून उतरला आणि कोण वाडीत जन्मला, एवढाच.

या वस्तीचा एक प्रमुख असे, त्याला 'हुनरमन' म्हणत. मसूदीच्या वेळी तो मान अबू सईद मारूफ बिन ज़करिया याच्याकडे होता. मुसलमानांचे आपसांतले तंटे तो शरियतप्रमाणे तोडी. पण त्याला नेमणारा राजा हिंदू होता. आजकाल दोन्ही बाजूंना या गोष्टीवर घाईने टाळ्या पिटणारे आणि घाईने दात-ओठ खाणारे भेटतात. आमच्या मते ही राजाची व्यवहारी सोय होती. बंदरात प्रत्येक जमातीचा मुखत्यार असे, त्यांतला हा एक.

कोकणी मुसलमानांत एक दंतकथा पक्की बसली आहे. हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून इराकमधून काही घराणी जहाजांत बसली आणि या किनाऱ्याला लागली, तीच आपली मूळ घराणी. असे कोणी आले असतील. समुद्राला दार नसते. पण मग प्रत्येक गावातले प्रत्येक 'खानदानी' घर त्याच जहाजातून कसे उतरले? आणि मासे मारणारे दालदी मात्र त्या जहाजात नव्हते, असे ही घराणी कशी सांगतात? लग्नसंबंध जुळवताना या जहाजाची आठवण फार काढली जाते. जहाज केवढे असेल याचा हिशेब कोणी मांडत नाही. मसूदीने तर वाडीत जन्मलेल्यांना सिराफ-बगदादवाल्यांच्या बरोबरीने मोजले होते, हे या खानदानी मंडळींनी एकदा वाचावे.

चौल-माहीमच्या याच हवेत एक मोठा आलिम वाढला. मखदूम अली माहिमी, जन्म १३७२, मृत्यू १४३१. 'कुत्ब-ए-कोकण' म्हणून ओळखतात. कुराणावरची त्यांची अरबी तफसीर 'तब्सीरुर्रहमान' ही माहीमच्या खाडीकाठी बसून लिहिलेली. मुंबईत त्यांच्या उरुसाला लाखो माणसे जातात. त्यांनी पुस्तक लिहिले होते, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात एक स्तंभ आहे. तो एका रशियन घोडेवाल्याचा. अफानासी निकितीन, त्वेर शहरचा व्यापारी, १४६९ च्या सुमारास हुर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. घोड्यावर त्याचे शंभर रूबल खर्च झाले होते. बहमनी राज्याला घोडे लागत आणि दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, म्हणून अरबी-इराणी घोड्यांचा हा सगळा व्यापार चौल आणि दाभोळवरून चाले. निकितीन जुन्नरला पोहोचला आणि तिथल्या असद खानाने त्याचा घोडा जप्त केला. मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही तर दोन्ही माझ्याकडे. चार दिवसांची मुदत. तेवढ्यात खुरासानचा ख्वाजा मुहम्मद तिथे आला. निकितीनने त्याला गळ घातली, ख्वाजा खानाकडे गेला आणि घोडा सुटला, धर्मही सुटला. एकाच गावात, एकाच आठवड्यात, एकाच मजहबचे दोन मुसलमान. मुलांना हा प्रसंग फार आवडतो. खान कोण आणि ख्वाजा कोण, हे नाटक ते वर्गात करून दाखवतात. खानाचे काम करायला सगळेच पुढे येतात, हा भाग वेगळा.

पुढे निकितीन बिदरला राहिला, दाभोळहून परत हुर्मुझला जहाजाने निघाला आणि घर गाठण्याआधीच वाटेत वारला. त्याची वही मात्र पोहोचली. तिच्या शेवटी तो प्रार्थना करतो ती रशियन भाषेत नाही. अरबी, फारसी आणि तुर्की यांच्या खिचडीत. इतकी वर्षे बंदरांत काढल्यावर देवाशी बोलायची भाषाही बंदराचीच झाली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ साली रशियनांबरोबर त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला होता.

रेवदंड्याच्या कोटात आज नारळीच्या बागा आहेत. पोर्तुगीजांनी हा कोट १५२० नंतर बांधायला घेतला. त्याआधी १५०८ च्या मार्चमध्ये या खाडीच्या तोंडावर मोठी लढाई झाली होती. इजिप्तच्या ममलूक सुलतानाचा सरदार अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाज यांच्या आरमाराने पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा याला इथे मारले. बापाने सूड घेतला तो दाभोळवर. त्याकडे पुढे येऊ. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने कोटाला मोठा वेढा घातला, पण कोट पडला नाही. तो पोर्तुगीजांच्या हातून गेला तो १७४० मध्ये, मराठ्यांकडे. समोरच्या कोर्लई गावात मात्र त्यांची भाषा राहिली. हजारभर माणसे आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली बोली बोलतात. इथून जवळच नवगावचे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. एवढ्याशा पट्ट्यात कोण कोण उतरले आणि मराठी होऊन बसले! चौलचा हमामखाना पडका झाला आहे, राजकोटाचे दगड विखुरले आहेत. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार आधी सुरतेला आणि मग मुंबईला गेला. वाड्यांमध्ये सुपारी वाळत घातलेली असते. तिच्या कडेकडेने जपून चालावे लागते.

मुरूड-जंजिऱ्याबद्दल फार लिहीत नाही; त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. शिडाच्या होडीतून जाताना वाटाड्या कधीच न जिंकल्या गेलेल्या किल्ल्याच्या चमत्कारकथा सांगतो. आम्ही मुलांना वेगळे दोन शब्द सांगतो. जंजिरा म्हणजे अरबी 'जज़ीरा', बेट. आणि जंजिऱ्याच्या राज्याला लोक म्हणत 'हबसाण'. हबश म्हणजे आफ्रिकेतला इथिओपिया. सिद्दींचे बरेचसे पूर्वज या समुद्रातून व्यापारी म्हणून आले नाहीत, विकले जाऊन आले. ज्या जहाजांत घोडे यायचे त्याच जहाजांत माणसेही यायची, आणि विकणारे-घेणारे आपलेच दीनी भाई होते. याचा अभिमान बाळगता येत नाही. त्या विकल्या गेलेल्यांतून आरमाराचे धनी झाले. संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडीत भर टाकून वाट करण्याचा घाट घातला तरी किल्ला टिकला. आणि शेवटी १९४८ मध्ये राज्य विलीन झाले. किल्ल्यातली वस्ती हळूहळू उठून किनाऱ्यावर आली. खोकरीला सिद्दी सरदारांचे घुमट आहेत. तिथे पर्यटक क्वचितच वळतात, म्हणून आम्ही डबे तिथेच उघडतो.

उर्दूवाल्यांनी मुरूडला आणखी एका कारणासाठी जावे. जंजिऱ्याच्या नाजली बेगम १९०८ साली युरोपला जाऊन आल्या आणि त्यांनी उर्दूत 'सैर-ए-यूरोप' लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी. इक्बालची त्यांना आलेली पत्रे त्यांनी १९४७ साली पुस्तकरूपाने छापली. मौलाना शिबली नोमानी इथे पाहुणे म्हणून येऊन गेले. एवढ्याशा बेटावर, पावसात जगापासून तुटणाऱ्या गावात, बायका प्रवासवर्णने लिहीत होत्या. आमच्या शाळांत आजही मुलींची सहल रात्रीच्या मुक्कामाची असली की घरून नकार येतो.

दाभोळला जाण्याआधी जहाजावर चढू. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे. नाखुदा हा धनी. नाव म्हणजे नौका आणि खुदा म्हणजे मालक. आमचा नाखवा तो हाच. सरहंग म्हणजे आपला सारंग. तांडेल तर जसाच्या तसा. सुकानगीर म्हणजे सुकाणू धरणारा. सुकाणू शब्द अरबी 'सुक्कान'चा. जहाजे ज्या वाऱ्याच्या भरवशावर यायची-जायची तो मोसम, तोही अरबी. मराठीत आकाशवाणीवर मोसमी पाऊस सांगतात तेव्हा कोणालाही तो परका वाटत नाही. आणि या यादीत नाखुदाच्या खालोखाल कोण? मुअल्लिम. तारे, खडक, खोली, वारे जाणणारा, जहाजाला वाट दाखवणारा वाटाड्या. मराठीत त्याचा मालिम झाला. आम्ही उर्दू शाळेतली माणसे स्वतःला मुअल्लिम म्हणवतो. शिकवणाऱ्याला आणि गलबत हाकणाऱ्याला एकच शब्द, हे कळल्यापासून शिक्षकांच्या खोलीत आमची बरीच थट्टा चालते.

दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखावरचे गाव. १४५३ च्या सुमारास गिलानचा महमूद गवान नावाचा व्यापारी इथे उतरला, बिदरला गेला, बहमनींचा वजीर झाला, १४७२ मध्ये गोवा घेतला, बिदरला मदरसा बांधला आणि १४८१ मध्ये खोट्या पत्रावरून सुलतानाच्या हुकमाने मारला गेला. दख्खनच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस या धक्क्यावर उतरला होता. इथूनच हजची जहाजे निघत. पुढे पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय ती हलेनात, आणि येशू-मरियमच्या चित्राचा परवाना खिशात घेऊन हजला जाणे दुरुस्त आहे का, यावर उलेमांत वाद झाले.

१५०८ च्या डिसेंबरअखेर फ्रान्सिस्को द आल्मैदा इथे आला. मुलाचा सूड. बंदर लुटले, जाळले, बायकामुलेही सोडली नाहीत. फिरंग्याचा कोप दाभोळवर झाला तसा तुझ्यावर होवो, अशी शिवीच पुढे या किनाऱ्यावर रूढ झाली, असे पोर्तुगीज बखरकारांनीच लिहून ठेवले आहे. चौलला मुलगा मेला आणि दाभोळ जळाले. ज्यांनी जाळले त्यांनीच नोंद केली. दाभोळच्या लोकांनी लिहिलेले काही उरले नाही.

गाव नंतर पुन्हा उभे राहिले, आदिलशाहीत भरभराटले. खाडीकाठची शाही मशीद त्या काळाची साक्ष. एकच मोठा घुमट, चार मिनार, दगडी पायऱ्या. गावात तिला अंडा मशीद म्हणतात. विजापूरची शहजादी हजला निघाली होती, जहाज निघू शकले नाही, तेव्हा तिने सोबतचा पैसा मशिदीला लावला, असे सांगतात. पायऱ्यांवर बसलेल्या एका म्हाताऱ्या नाखव्याशी आमची गाठ पडली. त्याची जवानी शिडाच्या गलबतावर गेली, मुलगा कुवेतला आणि नातू जहाजावर. आम्ही विचारले, "चाचा, तुमचे लोक मूळचे कुठले?" त्याने खाडीच्या पलीकडे बोट केले. "धोपाव्याचे. माझा आजा इकडे आला."

दाभोळचे नाव १९९० नंतर देशभर गाजले ते वीजप्रकल्पामुळे. प्रकल्प मात्र खाडीपलीकडे, अंजनवेल-गुहागरकडच्या बाजूला. नाव तेवढे दाभोळचे वापरले. २००१ मध्ये तो बंद पडला, २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या नावाने पुन्हा उभा राहिला. दाभोळच्या धक्क्यावरून आता धोपाव्याला फेरीबोट जाते. मोटारी, दुचाक्या, मासळीच्या पाट्या, शाळेची मुले सगळी एकत्र चढतात. नाखवा आमच्याबरोबर बोटीपर्यंत आला आणि सुकाणूवरच्या पोराला नावाने हाक मारून म्हणाला, "या मास्तर लोकांना पुढे उभे कर, खाडीचे तोंड दिसू दे."